एकाच स्ट्रेपने मोठ्याला घसादुखी आणि धाकट्याला आयसीयू, असं का?

ताई, धाकटा आयसीयूतून बाहेर आला हे वाचून फार बरं वाटलं. तुमचा प्रश्न असा, की दोघांनाही ग्रुप ए स्ट्रेप या जीवाणूचाच संसर्ग झाला, मोठ्याचा घसा दुखून दोन दिवसांत उतार पडला आणि धाकट्याचं बीपी पडलं, तर धाकट्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का? लहान मुलांच्या आयसीयूत काम करताना हा प्रश्न मी नेहमी ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक वेळा तसं नसतं. अशी बरीच मुलं आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असतात. त्यांचं बीपी पडण्यामागे जंतूच्या थेट हल्ल्याइतकाच शरीराच्या बेसुमार प्रतिसादाचा हात असतो.

हा जंतू सुपरअँटिजेन नावाची विषं सोडतो. एरवी कुठलाही परका पदार्थ ओळखणारी टी पेशी (प्रतिकार करणारी एक पांढरी पेशी) १०,००० मध्ये एखादीच असते, त्यामुळे प्रतिसाद बेताचा राहतो. सुपरअँटिजेन ही ओळख पटवण्याची पायरीच गाळतं. ते टी पेशी आणि तिला परका पदार्थ दाखवणारी पेशी या दोघींचे रेणू बाहेरून एकमेकांना जखडतं आणि २० टक्क्यांपर्यंत टी पेशी एकदम खवळतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन या दाह भडकवणाऱ्या रासायनिक निरोपांचा रक्तात पूर येतो, केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी कोसळतं. हाच स्ट्रेप्टोकोकल टॉक्सिक शॉक.

मला यातली सगळ्यात घातक वाटते ती वेगळीच गोष्ट. हाच जंतू जिथे शिरलाय तिथे मात्र दाह होऊ देत नाही. पांढऱ्या पेशींना बोलावणारा इंटरल्यूकिन-८ हा निरोप तो एका एन्झाइमने तोडून टाकतो. म्हणजे जिथे दाह हवा तिथे तो नाही आणि अंगभर नको तितका. म्हणूनच मूल पाय धरून कळवळतं आणि पायावर मात्र जेमतेम लाली दिसते. दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त असेल, तर थांबू नये. हातपाय गार, लघवी कमी, मूल सुस्त, आणि बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, ही लक्षणं दिसली तर सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या आकड्याची वाट पाहू नये. सीआरपी वाढायलाच काही तास जातात.

आता भावाभावांत फरक का? त्या विषाविरुद्धच्या अँटीबॉडी एकाकडे आधीच्या संसर्गातून आलेल्या असू शकतात, धाकट्याकडे नसतात. एचएलए या प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचे काही प्रकार या विषांना जास्त जोरात प्रतिसाद देतात, आणि सख्ख्या भावंडांतही ते वेगळे असू शकतात. शिवाय जंतू घशातच राहिला की रक्तात, स्नायूत पोचला, यावर बरंच ठरतं. कांजिण्यांच्या फोडांतून त्याला सोपी वाट मिळते.

दाहच त्रास देतो तर तो औषधाने दाबून का टाकत नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. कारण जंतू मारायला त्याच पांढऱ्या पेशी लागतात. म्हणून आधी विषाचा कारखाना बंद करायचा. पेनिसिलिन जंतूची भिंत फोडतं, तर सोबत दिलेलं क्लिंडामायसिन त्याचं प्रथिनं बनवणंच रोखतं, आणि ही विषं म्हणजे प्रथिनंच. आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी, शिरेतून) दिलं असेल, तर त्यातल्या तयार अँटीबॉडी विष निकामी करायला मदत करतात.

मोठ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तो बरा दिसतोय म्हणून त्याचं अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. तोंडाने पेनिसिलिन असेल तर साधारण १० दिवस असतं, डॉक्टरांनी सांगितलंय तितकं पूर्ण द्या. ऱ्हुमॅटिक ताप साध्या घसादुखीनंतरही दोन-तीन आठवड्यांनी येऊ शकतो. जंतूवर रोखलेल्या अँटीबॉडी तेव्हा हृदयाच्या झडपांवर उलटतात. या काळात सांधे सुजले, एकामागून एक दुखू लागले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दाखवा आणि आधीच्या घशाच्या संसर्गाचा उल्लेख आवर्जून करा.