फ्लो मीटर अजून का आला नाही? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रकल्प व्यवस्थापनाविषयी उत्तर

प्रिय विद्यार्थी मित्रास,
स. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात तुम्ही चौघे मिळून पंपाची कार्यक्षमता मोजणारा चाचणी-संच उभारत आहात. त्याचा सांगाडा वेळेत तयार झाला, पण दहावा आठवडा उजाडला तरी पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लो मीटर आलेला नाही, आणि सोळाव्या आठवड्याच्या अखेरीस अहवाल द्यायचा आहे. ‘तांत्रिक काम चांगले, नियोजन कच्चे,’ या गाइडच्या शेऱ्यामुळे तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचे ठरवले आहे. सर्टिफिकेट आत्ताच घ्यावे का, कोणते सॉफ्टवेअर शिकावे आणि या वाटेने गेल्यास तांत्रिक ज्ञान गंजेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देतो. 1969 साली स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची पीएमपी ही प्रकल्प व्यवस्थापकांसाठीची परीक्षा सर्वांत परिचित असली, तरी तिला बसण्यासाठी चार वर्षांच्या पदवीनंतरही 36 महिने प्रकल्प हाताळल्याचा अनुभव आणि 35 तासांचे प्रशिक्षण लागते; त्यामुळे तो विषय आज तुमच्यापुरता मिटतो. त्याच संस्थेच्या सीएपीएम या नवख्यांसाठीच्या परीक्षेला अनुभवाची अट नाही, 23 तासांचे प्रशिक्षण पुरते. ती जरूर द्या, मात्र हातातला प्रकल्प संपल्यावर, कारण तेव्हा पुस्तकातल्या प्रत्येक संज्ञेला तुमच्याजवळ स्वतःचे एक उदाहरण असेल. सॉफ्टवेअरची घाई तर मुळीच नको. आपण भरलेल्या तारखांचा ते सुबक तक्ता काढते. त्या तारखा कुठून आल्या, हे ते विचारत नाही. चार जणांच्या कामाला एक मोठा कागद किंवा एक्सेलचे एक पान भरपूर झाले.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या पत्रातले आकडे मी कागदावर मांडून पाहिले. फ्लो मीटरची निवड 1 आठवडा, तो मागवून हाती येईपर्यंत 6, कॅलिब्रेशन (मीटर अचूक मोजतो ना याची पडताळणी) 1, जोडणी 2, चाचण्या 2 आणि अहवाल 2, अशी ही साखळी 14 आठवड्यांची होते. दुसरीकडे सांगाड्याचे ड्रॉइंग 2 आठवडे आणि फॅब्रिकेशन (कापणे, वेल्डिंग करणे) 3, म्हणजे जोडणीपर्यंत 5 आठवडे. फ्लो मीटरची साखळी मात्र त्याच टप्प्यावर 8 आठवडे घेते. याचा अर्थ, सांगाड्याला 3 आठवड्यांची सवड होती आणि फ्लो मीटरला एका दिवसाचीही नव्हती. पहिले चार आठवडे तुम्ही चौघांनी नेमके सवड असलेल्या कामाला दिले आणि मीटरची निवड पाचव्या आठवड्यात सुरू केली. तिथेच 14 चे 18 आठवडे झाले. यात आळस कुठेही नाही, उलट वेल्डिंगच्या शेडमध्ये तुम्ही जीव तोडून काम केलेले दिसते. जे काम डोळ्यांना दिसते, हाताला लागते, तेच आपण आधी उचलतो. मागणीपत्र लिहिणे हे अभियंत्याला काम वाटतच नाही.

ज्या साखळीत एका दिवसाची दिरंगाई झाली तरी सगळा प्रकल्प एक दिवस पुढे सरकतो, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. ती शोधण्याची रीत 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या मंडळींनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी बसवली, आणि त्याच सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून तिची बहीण शोभेल अशी पर्ट ही पद्धत आली. दोन्हींच्या मुळाशी असलेली गोष्ट तुम्ही एका दुपारी शिकू शकता: प्रकल्पाचे असे तुकडे पाडायचे, की प्रत्येक तुकडा ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ असे निर्विवाद सांगता येईल, आणि मग कोणता तुकडा कोणावाचून अडतो हे बाणांनी दाखवायचे. ‘इन्स्ट्रुमेंटेशनचे काम’ हा असा तुकडा नव्हे. ‘फ्लो मीटरची ऑर्डर दिली’ हा आहे.

अंदाज बांधणे ही याहून कठीण विद्या आहे. जोडणीला किती दिवस लागतील असे विचारले, की आपण सगळे सुरळीत गेल्यास लागणारे दिवस सांगतो आणि त्यालाच नियोजन म्हणतो. पर्टमध्ये यावर एक साधा उपाय आहे. समजा सगळे जमून आले तर 8 दिवस, बहुधा 12 आणि फारच बिनसले तर 28 दिवस लागतील. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज करा आणि तिला 6 ने भागा, म्हणजे 14 दिवस येतात. वर जोडणीला धरलेले 2 आठवडे याच हिशेबाशी जुळतात. माझ्या मते सूत्रापेक्षा त्यामागचा 28 हा आकडा जास्त शिकवतो, कारण तो लिहिण्यासाठी काय काय बिनसू शकते याची यादी करावीच लागते, आणि ती यादी म्हणजेच तुमचे पहिले रिस्क रजिस्टर. अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष लागलेले दिवस लिहीत गेलात, तर वर्षभरात स्वतःच्या अंदाजाला कितीने गुणायचे हे कळू लागेल.

काम नेमके किती आणि कशाचे, हे ठरण्याआधी हात घालण्याचे परिणाम पाहायचे असतील, तर सिडनी ऑपेरा हाउसचा इतिहास जरूर वाचा. छताच्या कवचांची भूमिती निश्चित होण्याआधीच 1959 मध्ये बांधकाम सुरू झाले, आणि पुढे चौथऱ्याचे खांब त्या छताला पेलणारे नाहीत असे दिसल्याने ते नव्याने बांधावे लागले. 1963 मध्ये, सुमारे 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पुरी व्हायची ही इमारत 1973 मध्ये उघडली, तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला होता. ती इमारत आज जगाला प्रिय आहे, ही गोष्ट वेगळी. तुमच्या गाइडकडून तेवढ्या उदारपणाची अपेक्षा ठेवू नका.

आणखी दोन मित्रांना मदतीला घेण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो सोडून द्यावा. चौघांत एकमेकांशी बोलून काम जुळवणाऱ्या जोड्या 6 असतात, सहा जणांत त्या 15 होतात, आणि नव्यांना समजावून सांगण्याचा वेळ जुन्यांच्याच कामातून जातो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये मांडले. तुमच्या संचालाही ते लागू पडते.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, तांत्रिक ज्ञान गंजण्याचा. नियोजनातही ते लागतेच. तुमच्या तक्त्यावर नुसती नजर टाकणारा माणूस ‘मीटर आल्याशिवाय जोडणी नाही’ एवढेच सांगेल. पंप जाणणारा माणूस विचारेल, की प्रवाह मोजायला मीटरच हवा का? ठाऊक घनफळाची टाकी भरायला किती सेकंद लागतात हे स्टॉपवॉचने मोजले तरी प्रवाह मिळतो. तेव्हा मीटरच्या जागी तेवढ्याच लांबीचा, तसेच फ्लँज (बोल्ट लावायच्या कडा) असलेला पाइपचा तुकडा बसवा आणि जोडणी आजच सुरू करा. ती अकराव्या आठवड्यात संपेल आणि बाराव्या-तेराव्यात चाचण्या होतील. बाराव्या आठवड्याच्या सुरुवातीला मीटर आला, तर तो जागेवर बसवून त्याच टाकीशी पडताळून घ्या, म्हणजे कॅलिब्रेशनचा वेगळा आठवडा वाचेल. अहवाल पंधराव्या आठवड्यात हातावेगळा होऊन एक आठवडा उरेल. टाकीने मोजलेल्या प्रवाहातली अनिश्चितता किती धरायची, एवढे मात्र गाइडना आधी विचारून घ्या आणि त्यांचे उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक