मुलांना सुट्टी मे महिन्यात असते. ऑफिसातले डिसेंबर म्हणतात, कुणी पावसाळा सुचवतं. कोकण किनाऱ्यावर जायला नक्की कोणता ऋतू चांगला?

मे सोडून कधीही या.

खरं तर उत्तर इथेच संपलं, पण हा वाद आमच्या घरात इतका जुना आहे की एवढ्यावर थांबणं मला जमणार नाही.

मी देवगड तालुक्यात, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, एका गावात राहते. घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण मीच बघते. माझे धाकटे दीर डोंबिवलीला असतात. त्यांचं म्हणणं एकच, "वहिनी, ज्याने मे महिन्यात कोकण बघितलं नाही त्याने कोकण बघितलंच नाही." लहानपणी सुट्टीला आलं की आंबे, करवंदं, फणस आणि दिवसभर समुद्र. त्यांचं कोकण तेवढंच. त्या दिवसांत विहिरीवरून पाणी कोण आणत होतं, हे त्यांना आजही आठवत नाही. सासूबाईंना चांगलं आठवतं.

एका मे महिन्यात भावोजी सहकुटुंब आले, शिवाय ऑफिसातल्या दोन मित्रांची बिऱ्हाडं. फोनवर विचारलं नव्हतं, कळवलं होतं. बरं, आले ते आले. पहिल्याच दिवशी सगळे समुद्रावर गेले आणि संध्याकाळी अंगभर वाळू घेऊन परतले. मग एकामागून एक शॉवर सुरू झाले. तिसरी का चौथी अंघोळ चालू असताना मोटरचा आवाज बदलला. मोटर हवा ओढायला लागली की जो घरघराट होतो तो सड्यावरच्या बाईला झोपेतही ओळखू येतो. मी धावत जाऊन बटण बंद केलं. सासूबाई तोपर्यंत कठड्याशी पोचल्या होत्या. त्यांनी कळशी खाली सोडली, कातळावर ती ठण्णकन आपटली. वर आली ती अर्धी, आणि पाणी चहाच्या रंगाचं. आत न्हाणीत साबण लावून उभा असलेला माणूस हाका मारत होता.

आता तुम्ही म्हणाल, जिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाण्याची टंचाई? पुण्यामुंबईच्या माणसाला हे पटतच नाही. अहो, आमच्याकडे जांभा दगड. तो पाणी धरून ठेवत नाही. चार महिन्यांत धो धो पडतं, झिरपतं आणि उतारावरून समुद्र गाठतं. दिवाळीला विहिरीत हात घालून पाणी काढता येतं, मे महिन्यात त्याच विहिरीचा तळ दिसतो. धरण नाही, बारमाही नदी जवळ नाही, मग टँकर. त्या खेपेलाही टँकरच मागवला. पैसे कोणी दिले ते इथे लिहीत नाही, भावोजी हे वाचणार आहेत.

आणि आंबा! ज्याच्यासाठी हा सगळा अट्टाहास, त्याचं काय झालं तेही ऐका. हापूसचा मोठा माल एप्रिलपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेट्यांतून निघून गेलेला असतो. ही मंडळी आली तेव्हा बागेत शेवटचा माल, त्यातही साका, म्हणजे आतून पांढरट खराब गर, निघायला लागलेला. भावोजींनी मित्रांना 'झाडाखाली बसून हापूस' असं सांगून आणलेलं. हापूस झाडाखाली बसून खायचा नसतो हो. तो तयार झाला की देठासकट काढतात, अढीत घालतात, मग आठवडाभराने पिकतो. एका मित्राने हौसेने हिरवा आंबा तोडला आणि तसाच दातांनी सोलायला गेला. चीक ओठाला लागला. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून हा एवढा, कडेला काळा डाग. त्याच्या बायकोने मलाच विचारलं, तुमच्याकडे फवारणी कसली करता?

मे म्हणजे तुमची सुट्टी आणि आमची वर्षभराची बेगमी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून आमसुलं घालायची, ती मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायची. आंब्याची साठं, फणसाचे गरे, सुकी मासळी, मसाला, पावसाची लाकडं, घराची कौलं. सगळं जूनच्या आत. आभाळ भरून आलं की अंगणभर पसरलेलं उचलायला धावायचं. अशा वेळी मागे उभं राहून "वहिनी, सोलकढी आहे का अजून?" असं विचारणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं तुम्हीच सांगा. माझे हात तेव्हा कोपरापर्यंत लाल होते.

बरं, पाऊस जूनमध्येच येईल असंही नाही. 2025 साली मोसमी वारे 25 मेलाच देवगडपर्यंत पोचले. एरवी जूनचा पहिला आठवडा उलटतो. 16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं आणि झाडावर राहिलेला आंबा जमिनीवर आला. अरबी समुद्रातली वादळं मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जास्त होतात.

भावोजींचा ठेवणीतला मुद्दा म्हणजे तापमान. फोनवर आकडे दाखवतात. रत्नागिरीचं दिवसाचं तापमान डिसेंबरात 32-33 आणि मे महिन्यातही साधारण तेवढंच, मग फरक काय? आकडे बरोबर आहेत. फरक रात्रीत आहे. डिसेंबरात पारा विशीच्या खाली-वर येतो, पहाटे गोधडी लागते. मे महिन्यात रात्री 26-27 आणि हवा अशी दमट की दोरीवरचा टॉवेल सकाळी तसाच ओला. त्यात वीज गेली की भावोजी स्वतःच अंगणात बाज टाकून बसतात आणि डासांना शिव्या घालतात.

असो. तुमचं बघू.

मुलं लहान आहेत आणि पाण्यात उतरायचंय, तर दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा धरा. सुट्टी काही फक्त मे महिन्यात नसते. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची वीस तारीख, याच्याइतका चांगला काळ नाही. पाणी निवळलेलं असतं, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या चालू असतात, तारकर्ली-देवबागला पाण्याखालचं दिसतं. बांगडे, सुरमई मिळते. गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात, रात्रभर दशावतार चालतो. मुलांना तो दाखवाच, झोपली तर झोपली. आणि विहीर भरलेली असते. नाताळ ते एक जानेवारी मात्र टाळा, दर दुप्पट आणि रस्त्यावर गाड्यांच्या रांगा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस आणि उकाडा दोन्ही असतं, म्हणून तोही नको.

फेब्रुवारी-मार्चही चालेल. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायची असतील तर मार्च-एप्रिलमध्ये वेळासला जा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या, ती देवीच्या कौलाने ठरते. त्या दिवसांत ना खोली मिळते ना गाडीचं तिकीट.

मला स्वतःला विचाराल तर पाऊस. पहिल्या सरी पडल्या की काळ्या सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं उगवतात, श्रावण-भाद्रपदात 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांनी कातळ निळाजांभळा होतो. कुर्ल्या मिळतात, ओढ्यांतून वर चढणारे चढणीचे मासे मिळतात. पण तुम्हाला समुद्र हवाय, आणि पावसात समुद्राच्या वाटेला जायचं नाही. होड्या बंद, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ताटात सुकं. पापलेट मागाल तर बर्फातलं येईल. गणपतीत तर येऊच नका, कुणाच्या घरी आमंत्रण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अख्खी मुंबई गावाला येते आणि कोकण रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात.

एक मात्र आहे. मी हे सगळं सड्यावरून बोलतेय. खाडीकाठच्या, नदीकाठच्या गावांत मे महिन्यातही पाणी असतं, मोठ्या हॉटेलांची सोय वेगळी असते. अलिबाग-मुरुडकडचं मला फारसं माहीत नाही. नोकरी अशी असेल की मेशिवाय सुट्टीच मिळत नाही, तर पहिल्या आठवड्यातच या. खोली ठरवताना समुद्र किती लांब ते विचारू नका, विहिरीला पाणी किती आहे ते विचारा. "भरपूर" असं पटकन उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा.

आणि नुसत्या आंब्यासाठी म्हणत असाल, तर एप्रिलात पेटी मागवा. डोंबिवलीला व्यवस्थित पोचते. भावोजींना विचारा, दर वर्षी आम्हीच पाठवतो.