‘कोहोर्स’चा अर्थ लावताना

लॅटिन नव्याने शिकताना ‘कोहोर्स’ या शब्दापुढे नुसते ‘सैनिकांची तुकडी’ असे लिहून ठेवू नका. मुळात तो शेतघराच्या बंदिस्त अंगणाचा शब्द आहे; बाग या अर्थाचा ‘होर्तुस’ त्याचाच भाऊबंद. अनेक छपरे जोडून जसे एक अंगण होते, तशी अनेक मॅनिपल, म्हणजे लहान तुकड्या, जोडून सैन्यातली कोहोर्स बनते, हे वारो या रोमन पंडिताचे स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. पुढे लीजन या रोमन सैन्याच्या मोठ्या दलात अशा 10 तुकड्या असत, साधारण 480 सैनिकांची एकेक. पाठांतर करताना मात्र ‘कोहोर्तिस’ हे षष्ठीचे रूप सोबतच घ्या, कारण मूळ अंगातला ‘त’ प्रथमेत दिसत नाही आणि फ्रेंच-इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या ‘कोर्ट’मधला ‘ट’ त्याचाच आहे.