पुण्याजवळ माउंटन बाइकसाठी खेड्यापाड्यांतून जाणारा, एकसुरी नसलेला मार्ग कोणता?

तुमचा प्रश्न असा आहे: नवी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली आहे, सिंहगडाचा पायथा आणि खडकवासला करून कंटाळा आलाय, डांबर कमी आणि गावं जास्त असा मार्ग हवा, आणि दिवसभर एकच देखावा नको.

माझं उत्तर आधी दिशेचं आहे, मग रस्त्यांचं. आपल्याकडे जमीन बदलते ती पावसाप्रमाणे, आणि पाऊस बदलतो पश्चिमेकडून पूर्वेकडे. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पडतो, पुणे शहरात सुमारे ७००, आणि बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे ५०० च्या आसपास. म्हणून उत्तर-दक्षिण कितीही लांब गेलात तरी भात पाहायला लागलात की दिवसभर भातच दिसतो. तेवढंच अंतर पूर्वेला गेलात तर खाचरं संपतात, टेकड्यांवरच्या फळबागा येतात आणि शेवटी गवताचा उघडा माळ लागतो. अशी आडवी वाट मला सगळ्यात आवडते ती वेल्ह्यापासून सुप्यापर्यंतची: वेल्हे, नसरापूर, कापूरहोळ, नारायणपूर, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे. साधारण १०० ते ११० किलोमीटर. दोन दिवसांत निवांत होते. एका दिवसात करू नका, कारण मग मुख्य रस्ता सोडायला वेळच राहत नाही.

वेल्ह्याला पोहोचायला पानशेत रस्त्यावरून पाबे घाट चढा. घाट डांबरी आहे आणि चढ खडा आहे, पण माथ्यावर पाठीमागे सिंहगड आणि समोर राजगड-तोरणा एकाच वेळी दिसतात. खाली उतरलात की मावळ सुरू. उतारावर पायऱ्यांसारखी उतरत जाणारी खाचरं, कौलारू घरं, अंगणात पेंढ्याच्या गंजी. वेल्हे ते नसरापूर या पट्ट्यात सरळ मुख्य रस्त्याने जाऊ नका. गुंजवणी नदीच्या खोऱ्यात वाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा आहेत. मुरमाच्या, मधूनमधून दगडी, ओढ्याशी उतरून पुन्हा वर चढणाऱ्या. माउंटन बाइकचा खरा उपयोग इथे कळतो. गडांवर मात्र सायकल नेऊ नका. राजगड, तोरणा चालायचे गड आहेत. तिथल्या वाटा अरुंद असतात, सुट्टीच्या दिवशी माणसांनी भरलेल्या असतात, आणि चाकांनी पायऱ्यांचे दगड निखळतात.

नसरापूरला आलात तर बनेश्वर मंदिराच्या झाडीत थोडं थांबा. पुढे कापूरहोळपर्यंतचा हायवेचा तुकडा टाळता येत नाही. सेवारस्ता धरा, डोकं खाली घालून तो संपवा.

कापूरहोळहून नारायणपूरकडे वळलात की पुरंदरचा डोंगर उजवीकडे येतो आणि हवा कोरडी व्हायला लागते. हा बदल गाडीतून कळत नाही, सायकलवर कळतो: घाम लवकर सुकतो, धूळ पांढरट होते, बांधावर करवंदाच्या जाळीऐवजी निवडुंग दिसतो. नारायणपूर देवस्थान असल्याने मुक्कामाला सोयीचं आहे. दुसऱ्या दिवशी सासवडला सरळ जाण्यापेक्षा कोडीतच्या बाजूने विचारत विचारत जा. इकडेच गराड्याजवळ कऱ्हा नदी उगम पावते. पुढे सासवड, जेजुरी आणि मोरगाव अशी तिन्ही ठिकाणं तिच्याच खोऱ्यात आहेत, म्हणजे दुसरा अख्खा दिवस तुम्ही तिच्या सोबतीने जाता. पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ इथलंच. अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर सासवडच्या बाजारात सीताफळांच्या राशी असतात. दोन फळं खाऊन पुढे निघा, त्या दिवशी एनर्जी बारची गरज नाही.

पायात दम असेल तर सासवडहून सोनोरीकडे फाटा घ्या. मल्हारगडाच्या पायथ्यापर्यंतची वाट सायकलला छान आहे. मराठ्यांनी बांधलेला हा अगदी शेवटचा किल्ला समजतात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गड लहान आहे, सायकल खाली ठेवून पायी जाऊन या.

सासवड ते जेजुरी हा पालखी मार्ग आहे आणि त्यावर ट्रक भरपूर. तो सोडून एखतपूर, खानवडी, बेलसर अशा गावांतून जा. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. या भागातल्या सात गावांची जमीन नियोजित पुरंदर विमानतळासाठी घ्यायची आहे आणि शेतकऱ्यांनी त्याला मोठा विरोध केला आहे. मला शेतांमधून जाणाऱ्या इथल्या पाणंदींवरून जाताना फार वाईट वाटतं. इतक्या मेहनतीने पाणी अडवून, एकेक झाड जगवून उभं केलेलं रान आहे हे. जाणार असाल तर लवकर जा, आणि तिथल्या माणसांशी बोला.

जेजुरीनंतर कोळविहिरे ओलांडलंत की झाडं विरळ होतात, आणि मोरगावच्या पुढे तर नुसता माळ. मेंढ्यांचे कळप, बाभळी, लांबवर एखादा विजेचा खांब. पुष्कळांना हा शेवटचा टप्पा रुक्ष वाटतो, मला तो सगळ्यात देखणा वाटतो. डिसेंबरात सकाळी गवत पिवळंधमक असतं आणि दोन-दोन किलोमीटर पुढची वाट दिसते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी आहे. त्याच्या आत सायकल घालू नका, आणि भोवतालच्या माळावरही वाट सोडून गवतात शिरू नका. टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, चाकाखाली आलेलं कळतही नाही. अंधार पडायच्या आत माळ सोडा, ती वेळ लांडग्यांची आणि कोल्ह्यांची असते.

आता वाट विचारण्याबद्दल, कारण मोबाइलचा नकाशा पाणंदीत हमखास फसवतो. ‘इथून रस्ता आहे का?’ असं विचारू नका, ‘आहे की’ असंच उत्तर येतं. ‘बैलगाडी जाते का?’ असं विचारा. बैलगाडी जात असेल तर सायकल बिनघोर जाते. ‘मोटारसायकल निघते’ म्हणाले तर एखाद-दोन ठिकाणी उतरावं लागेल. ‘माणूस जातो’ म्हणाले तर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. आणि विचारायचं ते गुराख्याला किंवा शेतात काम करणाऱ्या मावशींना. फाट्यावरच्या टपरीवर मुख्य रस्ताच सांगतात.

पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट या गावाच्या वहिवाटीच्या वाटा आहेत, तिथून जायला हरकत नसते. बांध मात्र शेतकऱ्याचा. बांधावरून सायकल गेली की पावसात तिथेच माती खचते, म्हणून बांध दिसला की उतरून चाला, तेही विचारून. काट्यांचं कवाड उघडलंत तर मागे पुन्हा लावा. वाटेत कोणी धान्य वाळत घातलं असेल तर उतरून कडेने जा.

धनगरांच्या कुत्र्यांना सगळे घाबरतात. ती मेंढरं राखतात, त्यांचं कामच ते आहे. कळप दिसला की लांबूनच वेग कमी करा, खाली उतरा, सायकल कुत्रा आणि आपल्यामध्ये धरून चालत राहा आणि मेंढपाळाला मोठ्याने हाक मारा. पळालात तर ती मागे लागणारच.

सायकलला फार काही लागत नाही, एक गोष्ट सोडून: टायर ट्यूबलेस करून घ्या. सासवडच्या पुढे वेड्या बाभळीचे काटे इतके असतात की साध्या ट्यूबवर पंक्चर काढण्यातच दिवस जातो. टायरच्या आत भरलेलं, भोक बुजवणारं सीलंट ताजं हवं, उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल तर तो उपटू नका, घरी येऊन काढा. तरीही एक ट्यूब आणि पंप जवळ हवाच. टायर २.२ इंचाच्या आसपासचा पुरतो, हवेचा दाब २५ पीएसआयच्या आगेमागे, तुमच्या वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त. माळावर सावली नाही, म्हणून जेजुरीहून निघताना तीन लिटर पाणी भरा.

जुलै-ऑगस्टमध्ये हा मार्ग करू नका. मावळात तेव्हा आवणी (भाताची लावणी) चालू असते, वाटा लोकांच्या कामाच्या असतात आणि तुमच्या चाकांनी त्यांचा नुसता राडा होतो. पूर्वेकडची काळी माती ओली असेल तर टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरून चाकच अडवते, पुढे ढकलणंही जमत नाही. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा काळ. सप्टेंबरअखेर पश्चिमेकडे सगळं हिरवं मिळेल, जानेवारीत पूर्वेकडे हुरडा मिळेल. ऊसतोड सुरू झाली की बारामतीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, रात्री त्यांना मागे दिवा असेलच असं नाही, म्हणून परतीचा प्रवास उजेडातच संपवा.

पुण्याबाहेरचं कोणी हे वाचत असेल तर दिशेचं सूत्र तेच. साताऱ्याहून बामणोलीकडून माण-दहिवडीकडे, नाशिकला इगतपुरीकडून सिन्नरकडे, कोल्हापूरला गगनबावड्याहून जतकडे. कासच्या पठारावर मात्र सायकल डांबरी रस्त्याच्या बाहेर नेऊ नका, तिथे खडकावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा आहे.

पहिल्यांदाच जात असाल तर सगळा मार्ग एकदम न करता सासवड ते मोरगाव एवढा तुकडा करून बघा. चढ कमी आहेत, गावं जवळजवळ आहेत, आणि थकलात तर जेजुरीला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे.