पट्टे कोणी पुसले?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

प्रवचनात ऐकलेलं ते वाक्य तू जसंच्या तसं लिहून पाठवलंस ते बरं केलंस. 'कोणी पाहिल्याशिवाय जगाला अस्तित्व नाही, हे आता विज्ञानानंही मान्य केलंय.' त्याखाली तुझा प्रश्न: मग वस्तुनिष्ठ ज्ञान म्हणून काही उरतं का? वर्गात तुला 'परीक्षेला नाही, सोडून दे' असं उत्तर मिळालं, याचं मला वाईट वाटलं. हा प्रश्न सोडून द्यायचा नसतो. फक्त त्याला हात कुठून घालायचा हे ठरवावं लागतं, आणि माझ्या मते तो प्रयोगापासूनच घालावा.

दोन फटींचा प्रयोग तुला पाठ आहे: इलेक्ट्रॉन दोन फटींतून सोडले की पलीकडच्या पडद्यावर गडद-फिके पट्टे उमटतात, जणू दोन्ही फटींतून लाटा येऊन एकमेकींत मिसळल्या. 'इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे पाहिलं की पट्टे जातात' असं आपण शिकतो, आणि शिकताना मनात एक माणूस उभा करतो, उपकरणाला डोळा लावून बसलेला. सगळा घोळ त्या माणसापासून सुरू होतो. म्हणून तुला असा एक प्रयोग सांगतो, ज्यात कोणीच पाहत नाही आणि तरीही पट्टे जातात.

व्हिएन्ना विद्यापीठात आंतोन झाइलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटानं १९९९ मध्ये कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूचं व्यतिकरण, म्हणजे लाटांसारखं मिसळून पट्टे उमटवणं, दाखवलं. ते गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो याच गटाचा २००४ मधला प्रयोग. त्यात ७० अणूंचे रेणू होते. भट्टीतून निघालेले रेणू निर्वात कक्षातून उडत जातात. वाटेत एकामागे एक सोन्याच्या तीन जाळ्या, प्रत्येकीच्या खाचा एकमेकींपासून सुमारे एक मायक्रॉनवर. तिसरी जाळी आडवी किंचित किंचित सरकवायची आणि पलीकडे किती रेणू पोचतात ते मोजायचं. संख्या चढते, उतरते, पुन्हा चढते. हेच पट्टे.

आता त्यांनी काय केलं, तर जाळ्यांपाशी पोचण्याआधीच रेणूंना लेझरनं तापवलं. इतकं, की बल्बमधल्या तारेसारखा एकेक रेणू उडता उडता स्वतःच प्रकाश टाकू लागला. लेझरची शक्ती वाढवत नेली तसतसा तो चढउतार मंदावत गेला आणि अखेर जवळजवळ सपाट झाला.

रेणूंनी टाकलेले ते फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कोणी पकडले नाहीत, मोजले नाहीत. ते इकडेतिकडे गेले आणि विरले. शिवाय पट्टे झटक्यात गेले नाहीत, हळूहळू फिके होत गेले. किती तापवलं की किती फिके होतील याचा सिद्धान्तानं काढलेला हिशेब मोजमापाशी नीट जुळला. कोणाच्या जाणिवेनं पट्टे पुसले असते, तर हा हिशेब कसा मांडला असता?

आणखी एक बारकावा आहे, आणि तो समजला की निम्मं काम झालं. नुसता फोटॉन सुटला म्हणून पट्टे जात नाहीत. त्याची तरंगलांबी दोन वाटांमधल्या अंतराच्या मानानं फार मोठी असेल, तर रेणू या वाटेनं गेला की त्या, हे त्या फोटॉनवरून कळूच शकत नाही. असे फोटॉन पट्ट्यांना फारशी इजा करत नाहीत. आखूड तरंगलांबीच्या फोटॉनवरून मात्र वाट ओळखता येते. प्रत्यक्षात ती कोणी ओळखली नाही तरी चालतं, नोंद बाहेर पडली एवढं पुरे.

भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये मोजमापाचा शेवट जाणिवेपाशी होतो असं मांडलं होतं, आणि प्रवचनकार बहुधा तिथूनच उचलतात. पण १९७० पासून जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर झे यांनी परिसराचा, म्हणजे भोवतालच्या प्रकाशाचा आणि कणांचा, हा परिणाम दाखवायला सुरुवात केली आणि पुढे विग्नर यांनी स्वतःच आपलं मत सोडलं, हे कोणी सांगत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी तर १९९० मध्ये सरळ विचारलं होतं: विश्वाचं तरंगफल (सगळ्या शक्यता एकत्र सांगणारं गणिती वर्णन) एका शक्यतेवर यायला पहिला एकपेशीय जीव येईपर्यंत अब्जावधी वर्षं थांबलं होतं का, की पीएचडी झालेलं कोणी येईपर्यंत?

अवकाशाच्या पोकळीतल्या धूलिकणावरही महास्फोटानंतरचं २.७ केल्विनचं प्रारण सतत येऊन आदळतं. त्या कणाची जागा निश्चित व्हायला तेवढंही पुरतं, असं योस आणि झे यांनी १९८५ मध्ये गणितानं दाखवलं. मग कोणी पाहत नसताना चंद्र असतो का, याची काळजी आपण कशाला करायची? तो सूर्यप्रकाशात न्हातोय. त्याच्या जागेच्या अगणित प्रती दर क्षणी सगळीकडे पसरताहेत. तू एक प्रत वाचतोस, मी दुसरी, आणि दोघांचं जुळतं. भौतिकशास्त्रज्ञ व्होयचेख झुरेक यांनी वस्तुनिष्ठतेची हीच बाजू उलगडली, आणि मला ती पटते.

एवढ्यानं सगळं मिटलं असं मात्र समजू नकोस. मोजण्याआधीच प्रत्येक मोजता येणाऱ्या राशीचं (जागा, वेग वगैरेंचं) मूल्य कणाजवळ तयार असतं आणि दूरच्या मोजमापाचा त्यावर काही परिणाम होत नाही, ही आइनस्टाईन यांना हवी असलेली वस्तुनिष्ठता टिकली नाही. बेल यांनी १९६४ मध्ये तिची कसोटी दिली, आस्पे यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये ती लावून पाहिली, आणि २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना याच कामासाठी मिळालं. आणि परिसरामुळे पट्टे का जातात हे कळलं, तरी अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच का घडलेली दिसते, हे त्यातून निघत नाही. तिथे आजही जाणकारांत खरे मतभेद आहेत. ज्यांना वाटतं की इथे विचार करण्यासारखं काही नाही, त्यांचं ऐकू नकोस.

अद्वैताबद्दल तू संकोचानं विचारलंस. संकोच नको. वेदान्तातला साक्षी अकर्ता आहे, तो काहीच घडवत नाही, कशालाच हात लावत नाही. त्याच्या नजरेनं इलेक्ट्रॉनला जागेवर आणायचं म्हणजे त्याला कर्ता करणं झालं. त्यात वेदान्तही बिघडतो आणि भौतिकीही. ज्या विचाराला शेकडो वर्षं स्वतःचा पाया आहे, त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

आता काम. दोन वाटांच्या अवस्था लिही, आणि प्रत्येकीला परिसराची आपापली अवस्था जोड. मग पडद्यावरची संभाव्यता काढ. व्यतिकरणाच्या पदाला परिसराच्या दोन अवस्थांचा अंतर्गुणाकार (त्या दोन अवस्था किती सारख्या आहेत याचं माप) चिकटलेला दिसेल. तो १ असेल तर पट्टे शाबूत, ० असेल तर साफ नाहीसे. मन नावाचं पद त्यात कुठे येतं का, तेही शोध. गणित एका पानात मावतं, पण कुठलीही पायरी गाळू नकोस. अंतर्गुणाकार ०.९, ०.५ आणि ०.१ धरून तीन आलेख एकाच कागदावर काढ आणि फोटो पाठव. रविवारी सकाळी फोन करतो, तेव्हा पुढचं बोलू.

तुझा,
सर