बोर्दोची (फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशाची) पहिली नामांकित बाटली उघडताना

बोर्दोमधल्या मेदोक भागाची रेड वाइनची बाटली आहे, म्हणजे बहुधा काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त आणि जोडीला मर्लो जातीची. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ सालच्या दर्जाच्या वर्गवारीतलं शातो (वाइन बनवणारं घराणं) आहे म्हणून दबून जाऊ नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हे ऐकून नवखे ती कोमट पितात, मग नाकात फक्त अल्कोहोल जातं. सगळ्यात जास्त वाइन इथेच वाया जाते.
- ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा.
- घोट तोंडभर फिरवा. हिरड्या कोरड्या पडतात ते टॅनिन या तुरट घटकामुळे. कमी वयाच्या वाइनमध्ये ते असणारच, तो दोष नव्हे. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा. मी तरी दर्जा यावरूनच जोखतो.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बिघाड बुचामुळे आहे, तुमच्या नाकात नाही.

ब्लॅककरंट, देवदार अशी वासांची यादी पाठ करून बसू नका. जाणवेल ते स्वतःच्या शब्दांत टिपा आणि एका ग्लासवर निवांत तासभर काढा, वास बदलत जातो. विंटेजचे (द्राक्षांच्या हंगामाच्या वर्षांचे) तक्ते, समीक्षकांचे गुण वगैरे नंतर बघू.