पन्नास जणांच्या बेटावर कायदा कुणाचा?

प्रश्न: मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 2004 साली प्रशांत महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या पिटकेर्न बेटावर सात पुरुषांवर लैंगिक अत्याचाराचे खटले चालले. ‘आम्ही बंडखोरांचे वंशज, इंग्लंडचा कायदा आम्हाला लागू नाही’ असा त्यांचा बचाव होता. जेमतेम पन्नास वस्तीच्या बेटाची ओळख जपायची, तर बाहेरचा कायदा लादणं योग्य आहे का? मूट कोर्टासाठी, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यासाठी विचारते आहे.
– वाचक, कोथरूड

उत्तर: या बचावात दोन मुद्दे गुंतलेले आहेत, ते आधी सोडवून घ्या.

पहिला सार्वभौमत्वाचा. ‘बाउंटी’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर 1789 मध्ये बंड झालं, 1790 मध्ये बंडखोरांनी पिटकेर्नला जहाज जाळलं, म्हणजे राजाशी नातं तुटलं, असा युक्तिवाद होता. तो टिकला नाही. 1838 मध्येच ब्रिटिश नौदलाच्या कप्तानाच्या मदतीनं बेटाचे लेखी नियम झाले होते.

दुसरा मुद्दा खरा अवघड. आरोप लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या 1956 च्या इंग्लिश कायद्याखाली होते आणि तो बेटावर कधी रीतसर प्रसिद्धच झाला नव्हता. लोकांना न कळलेल्या कायद्याखाली शिक्षा कशी? अशा बेटांसाठी अपिलाचं शेवटचं न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं 2006 मध्ये अपिलं फेटाळली. बलात्कार हा गुन्हा आहे हे आरोपींना ठाऊक होतं, हे त्यामागचं मुख्य कारण. तरी प्रसिद्धीबाबत सगळ्या न्यायाधीशांचा सूर एक नव्हता. ती मतं वेगवेगळी वाचा.

आता ओळख. तक्रार करणाऱ्या स्त्रियाही त्याच बेटाच्या लेकी. त्यांना वगळून बेटाची ओळख सांगणं आम्हाला मान्य नाही. अशा वस्तीत अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: दंडाधिकारी, पोलीस, आरोपी, सगळे एकमेकांचे नातलग. शिवाय बंदर नसल्यानं जहाजापर्यंत होड्या नेणारे धडधाकट पुरुष तुरुंगात गेले, तर बेटाचं दळणवळणच अडणार, ही भीती. त्यामुळे तक्रार दबते. म्हणून न्यायाधीश न्यूझीलंडहून आणावे लागले, साक्षी व्हिडिओवर झाल्या. सहा जण दोषी ठरले.

आपल्याकडचं लक्षद्वीप शेजारी ठेवून पाहा. बाहेरच्यांना प्रवेशासाठी परवाना लागतो, स्थानिकांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. पण फौजदारी कायदा देशाचाच, आणि अपील कोचीच्या केरळ उच्च न्यायालयात. तिथे ओळख प्रवेशाच्या नियमांनी जपली आहे, गुन्ह्याला सूट देऊन नाही.

आरोपींच्या बाजूनं उभ्या राहणार असाल, तर जाळलेल्या जहाजावर वेळ घालवू नका. कायद्याच्या प्रसिद्धीवर बोला.